आपली दिंडी आणि बाहेरचा माणूस



 स्मरणिकेच्या मंडळाने सांगितलं, बुवा, दिंडीच्या शंभर वर्षांवर चार पानं लिहा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. धंदा शेतीचा, आणि माउलीच्या कृपेने कीर्तन करतो. विणेकरी कोण कोण झाले, तंबू कोणत्या साली घेतला, ट्रक कधी लागला, हे दुसरे लेखक वह्या बघून लिहिणारच आहेत. मी एकाच गोष्टीचा इतिहास लिहितो. ती गोष्ट म्हणजे सेवा. सेवा कोणाची करायची, आपल्या माणसाची का समोर येईल त्याची, याबद्दल आपल्या संप्रदायातली माणसं काय समजत आली, आणि तो प्रश्न आपल्या वांद्र्याशी कसा येऊन भिडतो, एवढंच.

अभंग तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. ते परत लिहून जागा अडवत नाही.

आधी आपल्याच घरात बघू. दिंडीत सेवा हा शब्द दिवसातून शंभर वेळा निघतो. विणा घेऊन उभं राहणं ही सेवा. पखवाज ही सेवा. पहाटे चुलवण पेटवणं, पंगत वाढणं, म्हाताऱ्याची वळकटी ट्रकवर टाकणं, रात्री थकलेल्याचे पाय चेपणं, ही सगळी सेवाच. यात काही खोटं नाही. पण बारकाईने बघितलं तर ही सगळी सेवा आपल्याच माणसाची असते. ज्याने भिशी भरली, ज्याचं नाव वहीत आहे, त्याची. राहुटीची दोरी जिथे खुंटीला बांधली तिथे आपली सेवा संपते. असं कोणी ठरवलं नाही, ते होत गेलं. का होत गेलं त्यालाही कारण आहे.

आपली दिंडी काढणारी माणसं पोटासाठी मुंबईला आलेली. कोणी रेल्वेत खलाशी, कोणी गिरणीत, कोणी पाली हिलच्या बंगल्यावर माळी. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीपाळीने झोपायचे. गाव सुटलेलं, शहर ओळख देत नव्हतं. अशा वेळी एकादशीचं भजन हाच त्यांचा आधार. कोणी आजारी पडला तर भजनातलाच माणूस त्याला दवाखान्यात नेणार, कोणी मेला तर टाळकरीच खांदा देणार, गावाकडे मनिऑर्डर आणि पत्र लिहायचं तर ज्याला अक्षरं येतात तो सगळ्यांची लिहिणार. दुसरं कोण होतं त्यांना? म्हणून त्यांनी आपल्याभोवती बांध घातला. जे मूठभर पाणी होतं ते वाहून जाऊ नये म्हणून घातला. त्या बांधाला मी नावं ठेवणार नाही. तो नसता तर शंभर वर्षं सोडा, दहा वर्षंसुद्धा दिंडी टिकली नसती.

सोहळ्याची घडीसुद्धा अशीच बसली. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा यांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. रथाच्या पुढच्या दिंड्या कोणत्या, मागच्या कोणत्या, कोणाचा नंबर कितवा, हे सगळं ठरलेलं. तळावर समाज आरतीला चोपदाराने चोप उंच केला की लाखाचा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन तक्रार ऐकतो. पोलीस नाही, कचेरी नाही. अशी शिस्त जगात थोड्या ठिकाणी असेल. पण नंबर आला की आपला-परका आला. ‘आमच्या दिंडीचा’ आणि ‘मोकळ्या समाजातला’ असे दोन वारकरी झाले. मोकळा म्हणजे ज्याची दिंडी नाही, ज्याच्या जेवणाचा आणि निजायचा पत्ता नाही.

एका वारीची गोष्ट सांगतो. पालखी आमच्या भागातून पुढे सरकलेली, पाऊस लागलेला. आमच्या राहुटीच्या तोंडाशी एक म्हातारा येऊन बसला. अंगात ताप, पायात फोड, धोतर चिखलाने भरलेलं. व्यवस्था बघणारे तेव्हाचे गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, “बाबा, कोणत्या दिंडीचे तुम्ही?” म्हातारा म्हणाला, “कोणत्याच नाही, मोकळा हाय.” गृहस्थ म्हणाले, “मग इथं जागा नाही. आमचीच माणसं उघड्यावर आहेत.” ते खोटं बोलत नव्हते, जागा खरोखर नव्हती. तेवढ्यात आमच्या एका मावशींनी, त्या डोईवर तुळस घेऊन चालायच्या, आपलं घोंगडं उचललं आणि म्हाताऱ्याला सांगितलं, “माज्या जागंवर निजा, मी बसून रात काढीन.” त्या रात्रभर ट्रकच्या चाकाला टेकून बसल्या. त्यावर दिंडीत दोन दिवस वाद झाला. काही म्हणाले, मावशींनी नियम मोडला. काही म्हणाले, मावशींनी वारी केली, आपण नुसते चाललो. हा वाद आजही मिटलेला नाही, म्हणून तर हा लेख.

आता तुम्ही म्हणाल, संतांनी काय केलं? संतांनी बांध राखला आणि बांधाबाहेरही गेले. नाथमहाराजांची गोष्ट घ्या. काशीचं पाणी रामेश्वराला वाहायचं म्हणून कावडी खांद्यावर होत्या आणि वाटेत गाढव तहानेने तडफडत होतं. नाथांनी कावड तिथेच मोकळी केली. तुकोबांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली. त्यात ज्यांची कर्जं सुटली ते काही त्यांचे टाळकरी नव्हते. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते, कूस कोसळली आणि त्याखाली गेले. ते साल १३३८ सांगतात. मजुरांच्या ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी आणायला नामदेवराय स्वतः गेले आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी केली. पण इतिहासाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. चोखोबा जिवंतपणी देवळात जाऊ शकले नाहीत, आणि त्यांच्या समाधीनंतर सहाशे वर्षं त्यांच्या समाजाचा वारकरी महाद्वाराच्या बाहेरच राहिला. आपण त्यांचे अभंग रोज म्हणत होतो आणि त्यांच्या लेकरांना पायरीवर थांबवत होतो.

ती पायरी मोडायला १९४७ साल उजाडलं. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून माणसं जागी केली आणि १ मे पासून पंढरपुरात उपोषण धरलं. विरोध मोठा होता, आणि विरोध करणाऱ्यांत माळकरीही होते. पण गुरुजी उपोषणाला बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात. म्हणजे बसायला जागाही वारकऱ्यानेच दिली. त्याच महिन्यात उपोषण सुटलं आणि विठोबाचं दार हरिजनांना उघडण्याचं ठरलं. मला यातला तो मठ मोठा वाटतो. आपल्या लोकांचा राग अंगावर घेऊन दार उघडं ठेवणं हे किती अवघड, ते गावात राहणाऱ्याला विचारा.

आता वांद्र्याकडे येतो. हे गाव निरनिराळ्या बंद वाड्यांचं गाव आहे. कोळ्यांचा पाडा वेगळा, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची पाखाडी वेगळी, मुसलमानांचा मोहल्ला वेगळा, आपल्या चाळी आणि सरकारी वसाहत वेगळी. प्रत्येकाचा देव आपल्या आळीत. तरी या गावाकडे बघून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती. होडीने जावं लागायचं, पावसाळ्यात होड्या बुडायच्या. तिथे रस्ता बांधायला पैसा दिला तो सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी, एक लाख सत्तावन्न हजार रुपये. १८४५ साली रस्ता झाला. त्यांची अट एकच होती, या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. आता पारशी समाज किती बंद, ते सगळ्या मुंबईला माहीत आहे. त्यांच्या अग्यारीत परक्याला पाऊल टाकता येत नाही. पण रस्ता मात्र सगळ्यांना. देवघराचं दार बंद ठेवलं आणि खाडीवरची वाट उघडली. आपल्या जुन्या वारकऱ्यांनी माहीम-दादरला भजनाला जाताना त्याच वाटेवर पाय टाकले, आणि कोणी त्यांना तुमचा धर्म कोणता म्हणून विचारलं नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून जे क्रूस दिसतात त्यांतले बरेच त्या साथीच्या काळातले, रोग टळावा म्हणून उभारलेले. ती त्यांची आपल्या पाखाडीपुरती प्रार्थना झाली. पण त्याच धर्माच्या भगिनी होली फॅमिली हॉस्पिटल चालवतात, तिथे आपली कितीतरी माळकरी माणसं बरी होऊन आली. गळ्यातली माळ बघून कोणाची गोळी थांबली असं मी ऐकलं नाही. आणि शीख लोकांचा लंगर बघा. त्यांच्या गुरू ग्रंथसाहेबात आपल्या नामदेवरायांची ६१ पदं आहेत. त्यांच्या पंगतीत बसायला भिशी लागत नाही, डोकं झाकलं की पुरे.

हे सगळं सांगून झालं तरी आपल्याला आपलंच माणूस लागतं, परक्याचं उदाहरण लवकर पटत नाही. तर आपलं माणूस घ्या. गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यात शेंडगावला २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्म, परीट समाजात. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. १९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोईवर खापर, हातात खराटा. बाबा पंढरीला यायचे पण देवळात जायचे नाहीत असं सांगतात. वाळवंट झाडायचे, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण करावा का? देवाला बकरं मारावं का? पोरगं शाळेत घातलं का? लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे. आम्ही कीर्तनकार एक तास निरूपण करून जे सांगतो ते बाबा एका प्रश्नात सांगायचे.

बाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात एक चोखामेळा धर्मशाळा, एक मराठा धर्मशाळा. कोणी म्हणेल, मग बाबांनीही जातीजातीच्या धर्मशाळा बांधल्या की. त्याचं उत्तर काळ बघून द्यावं लागतं. त्या काळी एका पडवीत सगळी माणसं निजत नव्हती. ज्याला कोणी पडवीत घेत नव्हतं तो पावसात भिजत होता. बाबांनी आधी त्याच्या डोक्यावर छप्पर घातलं. पुढे ती चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली, पोरांच्या शिक्षणासाठी. स्वतःची एक खोलीसुद्धा ठेवली नाही. घरच्यांनाही त्या धर्मशाळांतलं काही मिळू दिलं नाही. शिष्य केला नाही, फड केला नाही, गादी ठेवली नाही.

हे बाबा शेवटचं कीर्तन कुठे करून गेले? आपल्या वांद्र्यात. ८ नोव्हेंबर १९५६, वांद्र्याच्या पोलीस लाइनीत. वय ऐंशी, शरीर थकलेलं. ते कीर्तन यंत्रावर भरून ठेवलं गेलं म्हणून आज आपल्याला बाबांचा आवाज ऐकायला मिळतो. समोर बसलेली मंडळी पोलीस आणि त्यांची बायकापोरं. माळकरीच हवेत, अमक्याच फडाचे हवेत, असं काही नाही. त्यानंतर दीड महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. वांद्र्याच्या वारकऱ्याने ही तारीख आपल्या दिंडीच्या वहीत पहिल्या पानावर लिहावी अशी आहे. आपण देवळाचा कळस कोणी बसवला ते लिहून ठेवतो. हे मात्र आपल्या नव्या पोरांना माहीत नाही.

जे. जे. रुग्णालय जीजीभाई शेटजींच्या नावाचं. त्याच्याजवळ रोग्याच्या नातेवाइकांसाठी गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा. दादरलाही बाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे, टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला येणाऱ्यांसाठी. गावाकडून येणाऱ्याला मुंबईत हॉटेल परवडत नाही, तो फुटपाथवर निजतो. अशा माणसाला तिथे पाठ टेकता येते. शेटजींनी रोग्याची सोय केली आणि परीट घरच्या साधूने रोग्याबरोबर आलेल्याची. दोघांनीही माणूस कोणाचा ते विचारलं नाही.

आता जो विषय बोलायला जड जातो तो बोलतो. आषाढीला लाखो माणसं पंढरीत येतात. दोन दिवसांनी ती जातात, आणि मागे जे राहतं ते कोणी काढायचं? वर्षानुवर्षं ते मेहतर समाजाच्या माणसांनी काढलं, हाताने आणि टोपलीने. हाताने मैला काढायला लावू नये असा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला. पंढरपूरचा हा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला, तेव्हा कुठे वाळवंटातले तंबू हलले आणि नदीपलीकडे ६५ एकरांवर दिंड्यांची सोय झाली. आता तळावर फिरती शौचालयं येतात, कॉलेजची पोरं झाडू घेऊन येतात. चांगलं आहे. पण मला एक कळत नाही. चंद्रभागेला आपण आई म्हणतो. आईच्या अंगणातली घाण काढायला न्यायालयाने का सांगावं लागलं? आपण पुण्य पिशवीत घालून घरी आणायचं आणि घाण दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची, याला सेवा कोण म्हणेल? ज्याच्या डोक्यावर ती टोपली होती तोही विठ्ठलाचंच नाव घेत होता.

आपल्यातली काही मोठी माणसं म्हणतात, बुवा, आपला संप्रदाय नामाचा. समाजसेवा सरकार करील, संस्था करतील. आपण नाम सोडून खराटा घेतला तर भजन बुडेल. हा विचार मी टाकाऊ मानत नाही. भजन बुडालं तर दिंडीच कशाला? विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती नाम आणि ग्रंथ टिकावा म्हणूनच. त्यामुळे आज गावोगाव कीर्तनकार आहेत. पण बघा, जोग महाराजांनी तरी काय केलं? जे ज्ञान फडाफडांत, घराघरांत होतं ते गावोगावच्या गरीब पोरांसाठी मोकळं केलं. तीही बांधाबाहेरची सेवाच. आणि गाडगेबाबांचं भजन खराट्याने बुडालं का? दिवसा झाडलेल्या जागेवरच रात्री कीर्तन उभं राहायचं.

मी माण तालुक्यातला शेतकरी. १९७२ चा दुष्काळ मी लहानपणी बघितला, खडी फोडणाऱ्या रांगा बघितल्या, लाल मिलो आणि सुकडी खाल्ली. आमच्याकडे पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. ताल घालतो आम्ही, बांध घालतो, थेंब अडवतो. पण बांध घालताना जाणता माणूस सांडवा आधी ठेवतो. जादा पाणी सांडव्यातून खालच्याच्या रानात जातं. सांडवा ठेवला नाही तर मोठ्या पावसात बांधच फुटतो, आणि मग आपलंही रान जातं, खालच्याचंही. दिंडीचं तेच आहे. शंभर वर्षांत पाणी भरपूर साठलं. माणसं वाढली, पैसा आला, मुंबईत आपल्या लोकांची पक्की घरं झाली. बांध घालणाऱ्यांकडे काही नव्हतं, त्यांनी बांध घातला ते बरोबर. आपल्याकडे आहे, आपण सांडवा ठेवला नाही तर पोरं म्हणतील ही दिंडी म्हणजे म्हाताऱ्यांचा क्लब. काही म्हणायलाही लागलीत.

शताब्दीचा निधी जमला आहे. चांदीचा रथ करावा असं काहींचं म्हणणं आहे. रथ शोभेल, नाही म्हणत नाही. पण मी मंडळापुढे जे मांडलं तेच इथे छापावं असं म्हणतो, म्हणजे नंतर कोणी विसरणार नाही. एक, दर मुक्कामावरून दिंडी हलली की दहा माणसांनी मागे राहून तळ झाडायचा, आपला आणि शेजारचाही. ही पाळी सगळ्यांना लागू. विणेकऱ्याला, कीर्तनकाराला, हिशेब बघणाऱ्यालासुद्धा. अमक्या जातीचा म्हणून कोणाला कायमचं हे काम द्यायचं नाही. दोन, पंगतीत एक ओळ रोज मोकळ्या समाजासाठी आणि राहुटीत दोन जागा मोकळ्या आजारी माणसासाठी. वही विचारायची नाही. तीन, निधीतला काही भाग दरसाल मुंबईत रोग्याबरोबर येणाऱ्या गाववाल्यांच्या जेवणासाठी, आणि तो डबा वांद्र्याच्या तरुण टाळकऱ्यांनी स्वतः पोचवायचा.

घोंगडं देणाऱ्या मावशी आता नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि दिंडीच्या कोणत्या वहीत त्यांचं नाव कारभारी म्हणून नाही. मंडळाची बैठक एकादशीला आहे. तीन ठराव वर लिहिले आहेत. ज्याला पटतील त्याने हात वर करावा, ज्याला पटणार नाहीत त्याने समाज आरतीच्या रिवाजाप्रमाणे टाळ वाजवावेत. आम्ही थांबून ऐकू.

राम कृष्ण हरी.